आप्पांच्या गाडीचे बूट

आमच्या आप्पांचा स्वभाव संशयी. दूधवाल्यानं माप जरा सढळ घातलं तरी म्हणायचे, "आज पानी जास्ती पडलेलं दिसतंय." दौंडच्या रेल्वे शेडमध्ये जन्मभर फिटर म्हणून राबलेला माणूस, एखादी गोष्ट सुरळीत चाललेली दिसली की आत काहीतरी सैल असणार, असं त्यांना वाटायचंच. त्यांचा तो गुण माझ्यातही उतरलाय, हे आधीच सांगून टाकते.

त्यांचा भरवसा दोघींवरच. एक निमोण्याची आत्या, त्यांची थोरली बहीण, त्यांची आक्का, आणि दुसरी त्यांची मोटरसायकल. आत्याला मागेपुढे कुणी नाही, डोळ्यांनी अधू. दर रविवारी सकाळी आप्पा अंघोळ करून पांढरा सदरा घालणार, गाडीवर निमोण्याला जाणार, तिला पेपर वाचून दाखवणार आणि तिच्या हातची भाकरी खाऊन परत येणार. एसटीनं जाणाऱ्यांना ते हसायचे. "यष्टी म्हंजी दुसऱ्याच्या मर्जीनं जगनं," म्हणायचे.

गाडी दोन सिलिंडरची, जुनी, तसली गाडी आता कुणी बनवत नव्हतं. हवा गाळायचा डबा आणि दोन कारब्युरेटर यांच्या मध्ये तिला रबराच्या दोन आखूड नळ्या होत्या. मेकॅनिक त्यांना बूट म्हणतात. एक जरी निसटला तरी गाडी धड चालत नाही. फुसफुसते, उगाच रेस धरते आणि बंद पडते. वर रस्त्याची धूळ थेट इंजिनात. आणि ते बूट परत बसवणं म्हणजे घराला शिक्षा. रबर म्हातारं होऊन आखडलेलं. आईनं पाणी उकळायचं, त्यात बूट बुडवून मऊ करायचे, कडांना साबण लावायचा. एक तोंड डब्यात कोंबावं तर दुसरं कारब्युरेटरवरून सटकणार. तोवर सगळ्यांनी आप्पांच्या शिव्या ऐकायच्या. शेवटी क्लिप चढवून स्क्रू आवळायचा. त्या कामाला त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. मुलगा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आप्पा निमोण्याच्या अलीकडे गाडीवरून पडले. कोपर आणि गुडघा सोलून घरी आले. "कुत्रं आडवं आलं," एवढंच बोलले. आईच्या तोंडाचा पट्टा संध्याकाळपर्यंत चालू होता. त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, मागून एखादी असती तर काय झालं असतं, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पुढच्या रविवारी आप्पा तयार होऊन गाडीपाशी गेले, किक मारली, गाडी फुसफुसली आणि मेली. डाव्या बाजूचा बूट निघाला होता.

आधी संशय उंदरांवर. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तोच बूट. मग शिरूरच्या मेकॅनिकवर. त्यानं डुप्लिकेट रबर गळ्यात मारलं म्हणे. माझा नवरा शिरूरला राहायचा, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. दर शनिवारी संध्याकाळी बाळाला बघायला दौंडला यायचा आणि रविवारी परत जायचा. बिचारा तो बूट पिशवीत घालून मेकॅनिककडे घेऊन गेला. शनिवारी येऊन चहा पिता पिता म्हणाला, "मामा, रबर चांगलं हाय म्हणतोय. स्क्रू सोडवल्याबिगर ते निघायचंच न्हाई म्हणतो. कुनीतरी हातानं काढतंय."

आप्पांनी बशी खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिले. मला ती नजर ठाऊक होती.

त्यांनी रात्रीच बूट बसवला, तरी दुसऱ्या दिवशी तो निघालेलाच होता. आप्पांनी गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "जावईबापू, आजपासनं माझ्या गाडीला हात लावायचा न्हाई. शनिवारी तुम्ही येता आन् रविवारी बूट निघतो. 'गाडी मला द्या, तुम्ही आराम करा' हे बी तुम्हीच म्हनला व्हता."

"आप्पा, यांनी केलं असतं तर मेकॅनिकचा निरोप यांनीच कशाला आणला असता?" मी म्हटलं.

"हुशार मानूस असंच करतो," आप्पा म्हणाले.

नवऱ्याचा चेहरा पडला. समोरच्या ओट्यावरची माणसं बघत होती. त्यानं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला, चपला घातल्या आणि मला हळूच म्हणाला, "मामा शब्द मागं घेत न्हाईत तवर मी या उंबऱ्यावर यायचो न्हाई. बारशाला बी न्हाई." तो तसा गरीब गाय, पण एकदा बोलला की बोलला. सव्वा महिन्यानं धरलेलं पोराचं बारसं बापाशिवाय, म्हणजे आमच्या गल्लीत मला तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. तेही सोडा, पण माझं सासर आणि माहेर तिथंच कायमचं तुटणार होतं. रबराच्या एका दिडकीच्या नळीपायी!

तो आठवडा मी कुणाशी धड बोलले नाही. डोक्यात एकच, कोण? खोटं कशाला सांगू, नवऱ्याबद्दलही मनात पाल चुकचुकली. गाडी त्याला आवडायची, आवडायचीच. पण जास्त संशय आईवर. आप्पांनी गाडी सोडावी म्हणून ती रोज देवघरासमोर नाही तरी बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडायची, आणि इतकी वर्षं गरम पाण्याचं पातेलं धरून उभी राहिल्यानं कुठला स्क्रू कुठं असतो हे तिला पाठ होतं. मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "मला काढायचं असतं तर चाकच काढून भंगारवाल्याला दिलं असतं." आणि भाकरी थापत बसली.

शनिवारी संध्याकाळी आप्पांनी सगळ्यांच्या देखत दोन्ही बूट नव्यानं बसवले, क्लिपा आवळल्या, हात धुतले. "आता जावई न्हाई, बघू कसा निघतो ते," म्हणाले. ते आत गेल्यावर मी बाळाची काजळाची डबी घेतली. आईनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं ते काजळ, साबणालाही दाद द्यायचं नाही. डाव्या क्लिपच्या मागच्या बाजूला, स्क्रू फिरवताना जिथं अंगठा टेकवावाच लागतो, तिथं मी ते चांगलं थापलं. वरून काही दिसत नव्हतं. माझी मलाच मोठी शाबासकी द्यावीशी वाटली.

सकाळी आप्पा अंघोळ करून, सदरा घालून चहाला बसले. "अजून भायेर गेलोच न्हाई," असं आपणहून सांगूनही टाकलं. मी आईचे हात बघून घेतले, पिठाचे, पांढरे. तेवढ्यात बाळ रडलं. आप्पांनी त्याला उचललं, "काय झालं माझ्या राजाला" म्हणत त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे दिलं.

आई वाकून बघायला लागली. "अगं, एवढी मोठी तीट कुनी लावली? अजून तर अंघोळ घालायचीय."

बाळाच्या कपाळावर काळाकुट्ट पट्टा उमटला होता. आप्पांनी आपला अंगठा उलटा करून बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्ही? आप्पा, तुम्ही स्वतः? त्या माणसाला चारचौघांत चोर ठरवलंत, माझ्या पोराच्या बारशाचं वाटोळं करायला निघालात, आणि स्क्रू तुम्ही सोडवताय? लाज नाही वाटली?" बाळ घाबरून आणखी रडायला लागलं तरी मी थांबेना. बापाला असं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

आप्पा अंगठा धोतराला पुसत राहिले. काजळ काही जाईना.

"कुत्रं न्हवतं," ते म्हणाले.

"काय?"

"निमोण्याच्या अलीकडं. कुत्रं बित्रं काय न्हवतं. डोळ्यापुढं अंधारी आली. डोळं उघडलं तवा मी रस्त्याच्या कडंला, आन् गाडी माझ्या पायावर. मधलं मला काय बी आठवत न्हाई." अंगठा त्यांनी पुन्हा धोतरावर घासला. "तवापासनं किक मारायला पाय उचलत न्हाई गं. भ्या वाटतं. गाडीचं काय बी सांगता येतं, बूट निघाला म्हनून. माझं कसं सांगू? आक्का वाट बघत बसती."

आई तिथंच फरशीवर बसली. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला नाही, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. माझा राग कुठल्या कुठे गेला. गेल्या सगळ्या रविवारी हा माणूस सदरा घालून, पेपर घडी करून, खोट्या किका मारत होता, आणि आम्ही एकमेकांचे हात तपासत होतो.

आप्पा उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेले. जावयाला काय सांगितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, नवऱ्यानंही नाही. पण दुपारच्या एसटीनं तो आला. उंबऱ्यापाशी घुटमळला. आप्पा ओसरीत गाडीशेजारी पाटावर बसून होते. समोर उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यात बूट.

"या पाव्हणं," ते म्हणाले. "बसवा."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो बाह्या सारून बसला. पाऊण तास घाम गाळला त्यानं. आप्पांनी एकदाही हात घातला नाही, तोंड मात्र घातलं. "उलटा धरलाय. साबन लावा की. अवो, आधी डब्याकडनं." शेवटी बुटाची दोन्ही तोंडं बसली. गाडी पहिल्या किकला लागली.

"आज आत्या, उद्या डॉक्टर," नवरा म्हणाला. "मी सुट्टी टाकतो. आता न्हाई म्हनायचं न्हाई, मामा."

तो पुढे बसला, आप्पा गाडीच्या मागच्या सीटवर चढले. जन्मभर गाडी चालवली, पण मागं कधी बसले नव्हते. पाय लोंबकळत ठेवून इकडेतिकडे बघायला लागले. "पाय कुठं ठेवायचं?" त्यांनी विचारलं. नवरा खाली उतरला, मिटलेली पायदानं उघडली आणि त्यांचा एकेक पाय उचलून वर ठेवला. सासऱ्याच्या पायाला त्यानं असा हात लावलेला मी पहिल्यांदाच बघितला. तेवढ्यात आई आतून जुनं लुगडं घेऊन आली आणि दोघांच्या कमरेला मिळून तिनं घट्ट गाठ मारली.

"अगं, लोक काय म्हनत्याल?"

"गप बसा," आई म्हणाली. "सांगा लोकांना, कुत्रं आडवं येतं म्हनून."

"आन् धरायचं कुठं?" आप्पांनी विचारलं.

"मला धरा, मामा," नवरा म्हणाला.

आप्पांनी त्याचा शर्ट मुठीत धरला. गाडी निघाली तसा त्यांनी दुसरा हात खाली सोडला आणि डाव्या बुटाची क्लिप चाचपून बघितली.