तांबड्या थरावर आप्पांचा हात

माझ्या नवऱ्याची नोकरी नांदेडला रेल्वेत, आणि मी तिथल्याच एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. सासरे मराठवाड्यातल्याच मुरुडला असतात. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. बाजारपेठेत त्यांचं भुसाराचं दुकान होतं, आता ते माझे दीर बघतात. मागच्या हिवाळ्यात आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं आणि ते आमच्याकडे राहायला आले.

आमच्या शोकेसमध्ये कपबश्यांऐवजी दगड आहेत. प्रत्येक सहलीतून मी एखादा घेऊन येते, वर्गात दाखवायला उपयोगी पडतो. एका सकाळी बघते तर मधल्या काळ्या गोल दगडावर भस्माचे तीन पट्टे.

"आप्पा, हे तुम्ही लावलं?"

"हाव."

"अहो, हा देव नाही. बेसॉल्ट आहे. मला आज वर्गात न्यायचाय."

"काळा दगुड हाय हे मला दिसतंय की. एका डोळ्यानं का हुईना." मग जरा थांबून म्हणाले, "किती वर्साचा हाय?"

"साडेसहा कोटी."

"मग ह्या घरात याच्यापरीस मोठं कोन हाय? मोठ्याच्या पाया पडावं का न्हाई?"

मी पट्टे पुसले आणि दगड पर्समध्ये टाकून कॉलेजला गेले. संध्याकाळी परत ठेवला, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा भस्म. शेवटी मी वर्गासाठी दुसरा दगड काढला.

तिथून आमच्या चर्चा सुरू झाल्या. मी कॉलेजातून आले की आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून वाट बघत बसलेले असत, डोळ्यावर हिरवा चष्मा आणि मनात प्रश्न तयार. पृथ्वी कशी झाली, हा त्यांचा लाडका विषय. त्यांच्याकडे उत्तरही होतं.

"आधी काईच न्हवतं. मग आगीचा खांब उभा ऱ्हायला. त्याला बूड न्हाई, शेंडा न्हाई. ब्रह्मदेव वर गेला, विष्णू खाली गेला. कुनालाच टोक घावलं न्हाई. तोच महादेव."

मी त्यांना सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीच्या ढगाबद्दल सांगितलं. ती धूळ एकत्र येत गेली, तिचा तापलेला गोळा झाला, तो कोट्यवधी वर्षं निवत राहिला. मग फार नंतर, आपल्या मराठवाड्याच्या जागी जमीन फाटली आणि लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

"म्हंजी तुजीबी आगच की!" आप्पा खूश झाले.

"तशी नाही आप्पा. तुमची गोष्ट ऐकून मानायची. माझी तपासून बघता येते. उद्या उलटा पुरावा निघाला, तर मी माझं म्हणणं बदलेन."

"मी न्हाई बदलनार."

"हाच तर फरक आहे."

"हाय, फरक हाय," ते शांतपणे म्हणाले आणि अजून अर्धा कप चहा मागितला.

नवरा मला आत बोलावून सांगायचा, कशाला वाद घालतेस, म्हातारा माणूस आहे. पण मला दिसत होतं, त्यांना मजा येत होती. मलाही येत होती. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. घरात माझ्या विषयाबद्दल मला कुणी इतकं खोदून विचारलं नव्हतं.

एका सकाळी मी डबे भरत होते आणि मांडणीवरची भांडी किणकिणली. आधी वाटलं, रस्त्यावरून मोठा ट्रक गेला. मग खिडकीची काच थरथरली. भूकंपाचा हलका धक्का होता, आमच्या भागात अधूनमधून बसतात तसा. कॉलनीतले लोक आरडाओरडा करत बाहेर पळाले. आप्पा पूजेला बसले होते, लिंगायत रिवाजाप्रमाणे डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन. मी त्यांचा दंड धरला आणि ओढतच अंगणात आणलं. ते अनवाणी, उघड्या अंगानं, तळहात तसाच छातीशी धरून उभे राहिले. जमीन केव्हाच थांबली होती. ते मात्र घरात यायला तयार होईनात.

शेजारीपाजारी मला विचारायला लागले, मॅडम, मोठा येणार का? मी म्हटलं, सांगता येत नाही.

"साडेसहा कोटी वर्सामागचं सांगतीस," आप्पा हळूच म्हणाले, "आन् उद्या सकाळचं सांगता येत न्हाई?"

"नाही येत आप्पा."

त्यांनी त्यावर वाद घातला नाही. संध्याकाळी गॅलरीतही बसले नाहीत. डोळा बरा झाला होता, डॉक्टरांची हरकत नव्हती. मला गावाकडं सोड, म्हणाले. शनिवारी मी गाडी काढली.

लोहा सोडून बरंच पुढे आल्यावर, अहमदपूरच्या अलीकडे, रस्ता रुंद करताना एक टेकडी उभी कापली आहे. तिथून जाताना मी नेहमी वळून बघते. त्या दिवशी गाडी बाजूला घेतली. आप्पांचं मन रमेल, एवढाच विचार.

"हे बघा. खालचा काळा थर म्हणजे एक लाव्हा. वरचा काळा दुसरा. आणि मधे हा विटेसारखा तांबडा पट्टा दिसतोय ना? ती माती आहे. पहिला लाव्हा निवला, त्याची हळूहळू माती झाली. मग वरून दुसरा आला आणि ती भाजली गेली."

"माती झाली म्हंजी पाऊस पडला असंल."

"पडला असणार."

"गवत उगवलं असंल. किडामुंगी असंल."

"असेल."

"आन् वरून पुन्ना आग."

आप्पा कापलेल्या टेकडीपाशी गेले आणि त्यांनी तांबड्या थरावर पंजा टेकवला. मागून ट्रक जात होते, आप्पांचं धोतर फडफडत होतं. मग माझ्याकडे न बघता ते बोलायला लागले.

त्यांना एक धाकटी बहीण होती हे मला माहीत होतं. त्र्याण्णवच्या मोठ्या भूकंपात ती गेली, हेही. पण घरात तो विषय कुणी काढत नसे. तिला तिकडे औशाच्या बाजूला दिलं होतं. तिच्या घराला दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. भूकंपाची बातमी कळली तसे आप्पा मिळेल त्या गाडीनं तिकडे गेले होते.

"पंचमीला आल्ती माहेरी. मी बांगड्या भरल्या व्हत्या. त्या बांगड्यावरून वळखली." "आपल्यात मेलेल्याला मातीत बसवून देतेत. ती तर आधीच मातीत व्हती, पोरी."

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"तवापासून इचारून ऱ्हायलो. मठात इचारलं, शिकलेल्याला इचारलं. समदे म्हनतेत, पाप वाढलं म्हून धरनी हालली. आता सांग, तिचं काय पाप व्हतं? जनावराला पानी पाजल्याबिगर ती जेवायची न्हाई. तुज्या पुस्तकात काय हाय? तिचं काई चुकलं व्हतं का?"

मी वर्गात हे कितीदा शिकवलंय. फळ्यावर खडूनं भेग काढून, बाण दाखवून. त्या दिवशी शब्द जपून उचलावे लागले.

"आप्पा, पृथ्वीला कुणी दिसत नाही. खोल खाली खडकावर ताण येत राहतो. एक दिवस तो सोसत नाही आणि खडक सरकतो. वर कोण राहतं, कसं वागतं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"म्हंजी तिचं काई चुकलं न्हाई?"

"काहीच नाही."

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी उपरण्यानं चष्म्याखालून डोळे टिपले. मला भीती, ऑपरेशनचा डोळा आहे. पण मी अडवलं नाही.

त्या संध्याकाळी मुरुडला मठात प्रवचन होतं. नांदेडकडच्या धक्क्याची बातमी सगळीकडे झालेली. बाहेरगावचे एक तरुण स्वामी बोलत होते. सृष्टी शिवानं कशी निर्माण केली हे त्यांनी फार सुरेख सांगितलं. मी बायकांत बसले होते, मलाही ऐकत राहावंसं वाटलं. मग ते म्हणाले, माणसाचं पाप वाढलं की धरती हादरते, मागंही असंच झालं होतं.

पुरुषांच्या रांगेतून आप्पा उठले. आधी हात जोडले.

"स्वामीजी, शरणार्थ. पृथ्वी कशी झाली ते सांगा, रातभर ऐकतो. मीबी तेच मानतो. पन ती हालली कामून, हे सांगताना मेलेल्याच्या माथ्यावर पाप टाकू नगा. माजी बहीन गेली त्यात."

स्वामींनी हातानं खूण केली. "बसा आप्पा," एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या कथेकडे वळले. घरी येताना रस्त्यात एक जण दिरांना टोमणा मारून गेला, सूनबाईनं म्हाताऱ्याला चांगलं शिकवून आणलेलं दिसतंय. आप्पांनी ऐकलं. "शिकवलं की," म्हणाले आणि चालत राहिले.

सकाळी त्यांची पूजा रोजच्यासारखीच झाली. नंतर चहा घेता घेता त्यांनी विचारलं, त्या धुळीच्या ढगाआधी काय होतं? मी सांगितलं. त्याआधी? तेही, जेवढं कळलंय तेवढं. त्याआधी? माहीत नाही, म्हटलं. मला वाटलं, आता जिंकल्यासारखे हसतील. ते हसले नाहीत. "कळलं तर मला सांग," म्हणाले. मग कप खाली ठेवून एकदम म्हणाले, "गाडी हायच तर मला तिकडं घेऊन चल."

बहिणीच्या गावाला ते तेव्हापासून गेले नव्हते. वस्ती आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, नव्या घरांत आहे. जुन्या गावठाणात बाभळी माजल्यात, मधे दगडांचे ढीग. आप्पा आधी चुकले, मग विहिरीवरून त्यांना घराची जागा सापडली. तिथे एका दगडावर ते बसले. मी थोडी लांब थांबले, तरी ऐकू आलं. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं, तसं ते बोलले.

"बाई, तुजं काई चुकलं न्हवतं बग. सूनबाईला इचारून आलो."

कुठेतरी होले घुमत होते. मग आप्पा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, भूक लागली.