पाण्यातला मासा मोजणारी सुमन

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्णीच्या बाजारात होते. तिच्या भावाने दोनच वाक्यं सांगितली... छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. मी एका दुकानाच्या पायरीवर तशीच बसून राहिले. आता काही आठवडे लोटलेत, तरी तिच्याबद्दल 'होती' असं लिहिताना हात अडखळतो.

यवतमाळच्या वसतिगृहात आमची खोली एक. मी आर्णीच्या कापड व्यापाऱ्याची रशिदा, ती महागावकडच्या तांड्यावरची. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता. तरी ती मत्स्यशास्त्र शिकायला कोकणात गेली आणि पुढे कितीतरी वर्षं बंदरावर उतरणारे बांगडे मोजत राहिली. समुद्रातले मासे कसे मोजता येतात गं, असं मी एकदा विचारलं, तर खूप हसली. "मासे नाही मोजत, रशिदा. किती होड्या गेल्या, किती मासा आणला, केवढा आणला, ते पाह्यतो. होड्या वाढल्या आन मासा तेवढाच आला, तं समज, समुद्र रिता होऊन राह्यला." जेवायच्या ताटावरही तिचं हेच. ईदला मी कौतुकाने धरणातली मरळ मासळी केली होती, तर एवढ्याशा तुकड्याकडे बघून म्हणाली, "हिनं एकदाही अंडी नसन घातली." आणि नुसता पुलाव खाल्ला!

कापसाने सलग दगा दिला त्या वर्षांत आईच्या आजारपणामुळे ती गावाकडे परतली. जवळच्याच एका धरणावर भोई मंडळी पिढीजात मासेमारी करत. आता शेतात काही उरेना म्हणून आजूबाजूच्या गावांतले लोकही जाळी घेऊन पाण्यात उतरले होते. सुमन रोज काठावर जाऊन बसू लागली. येणारा प्रत्येक मासा मोजपट्टीवर ठेवायची, पोट चिरलेला असला तर आत अंडी बघायची. वर्षभराने तिने मच्छीमार संस्थेच्या बैठकीत सांगितलं की, मरळ वयात यायच्या आतच पकडली जातेय. बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची जाळी बंद करा आणि पावसाळ्यात नाल्याकडचा उथळ भाग सोडून द्या, मरळ तिथंच अंडी घालते.

संस्थेचे अध्यक्ष किसनभाऊ उसळले. "बाई, वावरात काही नाही म्हणून लोकं पाण्यात आले. आता पाण्यातूनही हाकलता काय?"

"हाकलत नाही, भाऊ. एक कोपरा मागून राह्यली."

कुरकुरत का होईना, त्यांनी तो दिला. पण त्या वर्षी पाऊसच रुसला, धरण अर्धंही भरलं नाही. पुढच्या बैठकीला मी तिच्यासोबत गेलती... गेले होते म्हणायचं, पण तिच्याबद्दल लिहिताना आमची वसतिगृहातली बोलीच ओठांवर येते. वाटेत मी तिला म्हटलं, मासा थोडा वाढला म्हणून सांग, नाहीतर हे लोक तुझं ऐकणार नाहीत. बैठकीत मात्र ती उभी राहून सरळ म्हणाली, "मासा वाढला नाही. पाण्यामुळे की माझ्या चुकीमुळे, ते मले आज सांगता येत नाही." किसनभाऊ उठले. "खोटंच बोलाचं असतं तं बाई आजच बोलली असती. अजून एक पावसाळा देऊ."

तो पावसाळा चांगला झाला. त्याच्या पुढच्या वर्षी हातभर लांबीच्या मरळी काठावर उतरू लागल्या. सुमनने त्याही पट्टीवर ठेवल्या, एकेक करून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. मग धरणाच्या भिंतीमागे जाऊन मनसोक्त रडली.

गेल्या आठवड्यात मी तिथं गेले. किसनभाऊ आता थकलेत, तरी मला त्यांनी होडीत घेतलं. उथळ पाण्याच्या तोंडाशी त्यांनी वल्हं उचलून धरलं. समोर लालसर पिल्लांचा एक पुंजका पाण्यावर थरथरत होता, आणि खाली त्यांची राखण करणारी मोठी, काळी मरळ. "थांबा," ते हळूच म्हणाले, "बाईचे लेकरं जाऊन राह्यले." पुंजका पार पलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.