चंद्र-गटातून मृगापर्यंत: पाच इंची आरशाची दांडी–दातिवरे स्वारी

शनिवार, १७ जानेवारी, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. स्थळ दांडीचा किनारा, तारापूरच्या बाजूचं मासेमारीचं गाव. या वेळी आणि या ठिकाणी आकाश-छायाचित्रण शिबिराच्या सचिवांनी माझं नाव छायाचित्रण-गटातून खोडलं आणि चंद्र-गटात घातलं. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती.

"आजी, ज्येष्ठांची वेगळी सोय केलीय. खुर्च्या आहेत, चहा आहे."

"आणि चंद्र?"

"चंद्राच्या स्लाइड्स दाखवणार आहोत."

मी कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या सिस्टरांनी दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवल्या: तक्रार पूर्ण वाक्यात करावी आणि तिच्यावर तारीख घालावी. म्हणून सुरुवात अशी केली. आता प्रवासाकडे येते, कारण तुमच्यापैकी अनेकांना असं काही करायचं असतं आणि 'या वयात कुठे' म्हणून तुम्ही घरी बसता.

आधी दुर्बीण. बत्तीस वर्षं मी इस्पितळाच्या क्ष-किरण विभागात काढली. "हलू नका, श्वास रोखा" हे मी किती जणांना सांगितलं असेल, देव जाणे. आकाशाचा फोटो काढायचा तर अडचण एवढीच, की हा पेशंट हलत राहतो आणि कुणाचं ऐकत नाही. मग त्याच्या चालीनं यंत्रानं चालायचं. म्हणून पहिला पैसा नळीवर घालू नका, तिच्या खालच्या स्टँडवर घाला. आकाशाबरोबर फिरणारा, मोटर बसवता येणारा, न डुगडुगणारा स्टँड हवा.

त्यावर मी पाच इंची आरशाची, आखूड नळीची परावर्ती दुर्बीण घेतली. आरशानं ताऱ्यांभोवती जांभळ्या कडा येत नाहीत, आणि नळी आखूड असली की अंधूक गोष्टसुद्धा लवकर उमटते. दुकानातल्या विक्रेत्याचा आग्रह माझ्या उंचीच्या नळीचा होता. "मॅडम, जेवढी लांब, तेवढा मोठा फोटो." मी म्हटलं, वाऱ्यानं हलली की तेवढाच मोठा विचका. मग त्याला दुर्बीण फुटपाथवर आणायला लावली, माझा जुना कॅमेरा तिला जोडला आणि समोरच्या मोबाइल टॉवरवर फोकस होतो का ते पाहिलं. हे कराच. पुष्कळ आरशांच्या दुर्बिणी डोळ्याला छान दाखवतात, पण कॅमेरा लावला की फोकस होतच नाही, कारण प्रतिमा कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आतच जुळते. विक्रेत्याचा आवडता नग तिथेच नापास झाला आणि माझा पास. दुर्बीण, स्टँड, मोटर आणि कुणीतरी वापरलेला कॅमेरा, सगळं साठ हजारांच्या आत.

शिबिराची जाहिरात साधी होती: शनिवारी रात्री, पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरून, स्वतःच्या साधनांनी फोटो काढा, निवडक फोटो पालघरच्या प्रदर्शनात लागतील. मला मृग नक्षत्रातला तेजोमेघ हवा होता आणि तो त्या भिंतीवर हवा होता. नाव दिलं, पैसे भरले.

ठाण्याहून दुपारी निघाले. घोडबंदरला नेहमीची कोंडी, पुढे हायवे मोकळा. हायवेच्या कडेला मडकी उलटी घालून उकडहंडी शिजवणाऱ्या टपऱ्या लागतात. थंडीत हा रस्ता त्यांच्यासाठीच करावा. कोनफळ, वालपापडी, रताळी, सगळ्यांना ओव्याचा आणि धुराचा वास. कागदात घेतलं आणि गाडीतच संपवलं. चिल्हार फाट्याला वळलं की बोईसरपर्यंत कंपन्यांचे ट्रक. तिथे ओव्हरटेकची हौस करू नका. बोईसरच्या पुढे खाडीचा वारा लागतो आणि मग दांडी. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले, किनाऱ्यावर होड्या, आणि मासळी निवडायच्या-सुकवायच्या खळ्याच्या शेजारीच शिबिराचा तंबू.

चंद्र-गटात वर्णी लागल्यावर मी दुर्बीण उचलून खळ्याच्या कडेला आले, तेव्हा बांबूच्या खांबांवर मोठमोठे दिवे बांधलेले दिसले. सूप घेऊन कोलीम, म्हणजे गुलाबी बारीक जवळा, निवडत बसलेल्या बाईंना विचारलं, हे रात्री लागतात का?

"लागनार तं! उदानाचं पानी हाय, बाय. उद्या आवस. डोलींना आता मासली लागतं. पानी चढलं का बोटी येनार."

"म्हणजे रात्रभर उजेड?"

"मंग काय अंदारात मासली निवडू? तुमाला कालोख पायजे तं भांगाला या, तवा सगला गाव झोपतं." मग तंबूकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "त्या दाडीवाल्याला कोनी सांगलं आवसेला या म्हनून?"

लक्षात आलं का? डोलीची जाळी रोवलेली असतात आणि भरती-ओहोटीची ओढ जोरात असली की त्यांत मासळी भरते. ती ओढ सर्वांत जास्त अमावास्या-पौर्णिमेला. त्याला हे लोक उधाण म्हणतात आणि मधल्या मंद दिवसांना भांग. सचिवांनी घरी बसून, दिनदर्शिका पाहून वर्षातली काळीकुट्ट रात्र निवडली होती. गावातली सर्वांत लखलखीत रात्र तीच निघाली.

मी परत जाऊन त्यांना हे सांगितलं.

"आजी, मी बंद करायला सांगतो त्यांना दिवे."

"गावाला?"

"दोन तासांचा तर प्रश्न आहे."

मघाच्या बाई मागून ऐकत होत्या. "तारं काय पलून जातंत? मासली नासंल ती कोन भरनार, तू?"

सगळं खळं हसलं. मी दुर्बीण गाडीत घातली, तिला सीटबेल्ट लावला आणि माझ्या धाकट्या नणंदेला, प्रमिलाला फोन केला. ती दातिवऱ्याला दिलेली. दातिवरे म्हणजे पालघर तालुक्याच्या पार दक्षिणेला, कारखान्यांच्या उजेडापासून दूर.

बोईसरला पेट्रोल भरलं. पंपावरच्या मुलानं मागे डोकावून विचारलं, "मैडम, पीछे सिलेंडर है क्या? पट्टा बांधा है."

"आईना है."

"इतना बड़ा? शादी में जा रहे हो?"

"झगड़े में," मी म्हटलं. त्यानं काचही पुसून दिली.

पालघर, माहीम, केळवे, एडवण. दिवसा हा रस्ता नारळी-सुपारीचा, फार देखणा. अंधारात फक्त वळणं आणि मध्येच बसलेली गाय. सावकाश चालवा. प्रमिला दारात उभीच होती.

"वैनी, ह्यो बंब कोनाला तापवायला आनलात?"

"शिबिराच्या सचिवांना. आधी उचल त्या बाजूनं."

"आदी जेवा. वालाची उसल हाय, तांदलाची भाकरी हाय. तारं थांबतील."

"थांबत नाहीत, तीच तर भानगड आहे."

अंगणात स्टँड मांडला. आकाश काळंभोर आणि ताऱ्यांनी गच्च. पहिला फोटो घेतला आणि तारे स्वल्पविरामासारखे उमटले. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. कारण कळायला वेळ लागला नाही: हा स्टँड आधी ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, इकडे ध्रुव क्षितिजापासून फार उंच नसतो, आणि आमच्या उत्तरेला प्रमिलाच्या सासऱ्यांनी लावलेली नारळाची रांग. मी अंदाजानं उत्तर धरली होती. अंदाजानं धरलेली उत्तर म्हणजे बोटाच्या एक्स-रेसाठी कोपर ठेवण्यासारखं.

"हे नारळ तोडता येतील?" मी चिडून विचारलं.

"माजा सासरा वरनं उतरून येल," प्रमिला म्हणाली. "वालाच्या शेतात चला की. तितं काय बी आड नाय."

मग दोन म्हाताऱ्या, एक नळी, एक लोखंडी वजनाची पिशवी आणि स्वयंपाकघरातले तीन पाट अशी वरात वालाच्या शेताकडे निघाली. पाट स्टँडच्या पायांखाली. ओल्या मातीत पाय रुततात. ध्रुव सापडला. मोटर सुरू केली. मृग डोक्याकडे चढत होता. बोट लावलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून वायरचं बटण. तीस सेकंद.

पडद्यावर तारे टिपक्यांसारखे गोल आले आणि त्यांच्या मधोमध पंख पसरलेला गुलाबी ढग. मी मोठ्यानं ओरडले. कुठेतरी कुत्रं भुंकलं.

प्रमिला वाकून पाहत राहिली. "गे बाय! जसं काय कोलीम वालत घातलंय वर."

आम्ही चाळीस फोटो काढले. घोंगडी भिजेल इतकं दव पडलं, पण आरसा नळीच्या तळाशी असतो, तो कोरडाच राहिला. ज्यांना किनाऱ्यावर ही कला करायची आहे त्यांनी हे लिहून ठेवावं. मग आम्ही जेवलो. इतकी चवदार उसळ मी कधी खाल्ली नव्हती आणि तसं मी प्रमिलाला सांगितलंही. तिनं ते आमच्या बाकी नणंदांना कळवल्याचं नंतर समजलं.

रविवारी परतीच्या वाटेवर चंद्र-गटातल्या एका बाईंचा फोन आला. होड्या आल्या, दिवे लागले, सचिवांच्या भारी भिंगावर दव जमलं, आणि छायाचित्रण-गट शेवटी खुर्च्यांवर बसून स्लाइड्स पाहत होता. चहा बरा होता म्हणे.

घरी येऊन चाळीसही फोटो संगणकात एकावर एक रचले आणि छापून घेतले. दिवाणखान्यात उभी राहून पाहते तेव्हा वाटतं, निवृत्त होताना लोकांनी मला शाल दिली आणि मी ती गुंडाळून बसेन असं गृहीत धरलं. थंडी दातिवऱ्याच्या शेतातही होती. तिथे शाल आठवली नाही.

फोटो प्रदर्शनासाठी पाठवला. सचिवांकडून मोबाइलवर उत्तर आलं: "वा आजी! मस्त! पण शिबिरस्थळाबाहेरचा असल्यामुळे घेता येणार नाही." पुढे जोडलेले हात.

म्हणून, सचिव महाशय, हे जाहीरपणे. जाहिरात तुमची, शब्द तुमचे: शनिवारी रात्री, पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरून, स्वतःच्या साधनांनी. रात्र तीच, तालुका तोच, साधन माझंच. शिबिरस्थळाबद्दल त्यात अवाक्षर नाही. माझा फोटो प्रदर्शनात लागणार की नाही, आणि नसल्यास कोणत्या नियमानं, याचं लेखी उत्तर मला शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे. कागदावर, सहीनिशी. अंगठा, फूल आणि जोडलेले हात ही उत्तरं धरली जाणार नाहीत. फ्रेम मी करून ठेवली आहे. खिळा तुम्ही ठोकायचा आहे.