कॅनडा कॉर्नरची रीडिंग बॅच

घाबरलेली माणसं फार बोलतात. निदान माझ्या क्लासमधली तरी! एका खोलीत तीन-चार घाबरलेली माणसं रोज दोन तास बसवून ठेवा, प्रत्येकाच्या हातात एक इंग्रजी उतारा द्या. वर्षभरात एवढे किस्से साठतात की शिकवायचंच राहून जातं. हे मी आजवर फारसे कुणाला सांगितले नाहीत. यातले निम्मे हसण्यासारखे आहेत आणि सगळेच्या सगळे भीतीचे आहेत. ऐकणारा हसला तर मला वाईट वाटतं, नाही हसला तरी वाईट वाटतं.

मी नाशिकला, कॅनडा कॉर्नरला, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर शिकवते. परदेशी जायचं तर इंग्रजीची जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यातलं रीडिंग. बोलण्याला आणि लिहिण्याला दुसरे सर आहेत. "कॅनडाला जाणाऱ्यांसाठी मुद्दाम इथे क्लास टाकला का?" असं प्रत्येक जण विचारतो. नाही हो, जागा इथे मिळाली!

तीन लांबलचक उतारे, चाळीस प्रश्न, साठ मिनिटं. "त्यात काय, वाचायचं तर आहे!" असं म्हणत लोक येतात. पहिला सराव पेपर झाला की पाण्याच्या बाटल्या रिकाम्या होतात.

०००

रामदास भोये सातपूरला वेल्डर. मूळचा पेठकडचा, तिशी नुकतीच ओलांडलेली. न्यूझीलंडमध्ये वेल्डर हवेत, इंग्रजीची परीक्षा तेवढी पास हो, असं त्याला एजंटने सांगितलेलं.

पहिल्या दिवशी मी पेपर वाटले आणि म्हटलं, "चला, टाइम सुरू!" रामदास पाचेक मिनिटं उताऱ्याकडे बघत बसला. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, एक फोन करून येतो." तो गेला तो गेलाच! टेबलाखाली त्याचं हेल्मेट राहिलं होतं.

चौथ्या दिवशी दारात उभा. "हेल्मेट घ्यायला आलो."

"बस आधी," मी म्हटलं. "झालं काय त्या दिवशी?"

"मॅडम, मी टाकीच्या आत उतरून वेल्डिंग केलंय. आत अंधार, धूर, आन वरून नुसता एक दोर. तवा पण असं नाय झालं."

"म्हणजे कसं?"

"अक्षरं हालाया लागली."

मी हसले नाही. त्याच्यासमोर चार ओळींचा एक कागद ठेवला. एवढंच वाच म्हटलं, वेळ लावत नाही. त्याने अर्धा तास घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि या वेळी हेल्मेट न्यायला विसरला नाही.

०००

शिल्पा साळवे नर्स. अतिदक्षता विभागात सात वर्षं काढलेली, हाताने खंबीर, आवाजाने ठाम. तिचा एका जागी गाडा अडायचा.

या परीक्षेत उताऱ्याखाली काही वाक्यं देतात. वाक्य उताऱ्याशी जुळलं तर ट्रू. उलट असलं तर फॉल्स. आणि उताऱ्यात त्याबद्दल काहीच म्हटलेलं नसलं तर नॉट गिव्हन. शिल्पा नॉट गिव्हन कधीच लिहायची नाही. सगळीकडे फॉल्स! मी रोज समजवायची, ती रोज मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फॉल्स.

एकदा मी वैतागले. "अगं, लिहिलेलं नाही म्हणजे खोटं असं कुठे असतं?"

"आमच्याकडे असतं!" ती म्हणाली. "केस पेपरवर इंजेक्शन लिहिलं नाही म्हणजे दिलंच नाही. मग कोण विचारत नाही सिस्टरने दिलं होतं की नव्हतं."

ती पेन फिरवत हळूच म्हणाली, "एकदा माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं, मॅडम. दिलं होतं मी. पुढच्या ड्युटीवालीने पुन्हा दिलं असतं. अगदी हातात सिरिंज होती तिच्या."

त्यानंतर मी तिला त्या प्रश्नांवर कधी ओरडले नाही. फक्त म्हणायची, "शिल्पा, इथे पेशंट नाही. लिही." तरी ते दोन शब्द लिहिताना तिचा हात थांबायचाच.

०००

रुखसार जुन्या नाशकातली. लग्न झालं आणि दीड महिन्यात नवरा कॅनडाला परत गेला. तिकडे कायमचं राहण्यासाठी दोघांची फाइल करायची, त्यात हिच्या परीक्षेचे गुण मोजले जाणार. ही बी.कॉम., हुशार, पण उतारा वाचताना भीतीने ओठ हलायचे.

तिची सासू भारी. नातेवाइकांत कौतुकाने सांगायची, "हमारी बहू रोज चार बजे कॅनडा जाती है, छह बजे वापस!"

नवऱ्याचा फोन बरोबर साडेसहाला. पहिला प्रश्न ठरलेला, "आज कितने सही आए?" रुखसार आकडा वाढवून सांगायची. चाळिसातले अठरा आले की सव्वीस. मला हे तिनेच सांगितलं. "मॅडम, माझ्या चुकांमुळे आम्ही अजून दोन वर्षं असेच फोनवर राहिलो तर?" एवढं बोलून ती वही बंद करून बसली.

एक दिवस चौदाच आले. त्या दिवशी तिला खोटा आकडा सांगायचाही धीर राहिला नव्हता. साडेसहाला फोन वाजला.

"आज कितने सही आए?"

"नॉट गिव्हन!" म्हणाली आणि रडायला लागली.

पलीकडून नवरा म्हणाला, "मैंने भी तुझे कभी नहीं बताया. मेरा तीसरी बार में हुआ था."

०००

रामदासला मी सांगून ठेवलं होतं, दिसेल ते इंग्रजी वाचायचं. दुकानाची पाटी, औषधाची चिठ्ठी, काहीही. तो शब्दाचा पक्का. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सिलिंडरवरची लेबलं वाचायला लागला.

एका संध्याकाळी आला तो पांढराफटक. मला वाटलं, घरून काही वाईट बातमी.

"मॅडम, मी जिथं रोज उभा राहतो ना, तिथं भिंतीवर एक लाल पाटी हाय. निम्मा रंग गेलाय. नऊ वर्षं झाली, कधी वाचली नाय. आज वाचली."

"काय लिहिलंय?"

त्याने हातावर लिहून आणलं होतं. मी वाचलं. इथे वेल्डिंग किंवा आगीचं कोणतंही काम करण्यास सक्त मनाई, असा त्याचा अर्थ होता. भिंतीपलीकडे भडकन पेटणाऱ्या थिनरची पिंपं ठेवतात म्हणे.

"बरोबर वाचलं का मी?" त्याने विचारलं. त्याला आशा होती की आपलंच चुकलं असेल. वर्षभरात पहिल्यांदा त्याचं अगदी शंभर टक्के बरोबर आलं होतं!

"सुपरवायझरला सांगितलंस?"

"सांगितलं ना. तो म्हनला, तुला वाचायला कुणी सांगितलं?"

पण दोन दिवसांनी पिंपं तिथून हलली. पाटीही नवी लागली, मराठीत. रामदास म्हणाला, "आता दुपारी डबा खाताना त्या पाटीकडंच बघतो मी. नऊ वर्षं, मॅडम!"

०००

मग तो बिबट्याचा गुरुवार. नाशिकमध्ये बिबट्या वस्तीत शिरणं आता नवीन राहिलेलं नाही, पण आपल्या गल्लीत शिरला की ते नवीनच असतं!

क्लास सुरू झाला आणि खालून वॉचमन ओरडला, "कुणी खाली उतरू नका! मागच्या बंगल्याच्या कंपाउंडमध्ये आहे!" रुखसारने टेबल ढकलून दाराला लावलं. शिल्पा खिडकीच्या काचा लावत सुटली. रामदास तेवढा बसून होता. "आमच्याकडं ओढ्यावर येतो तो. मानसाला भितो." एवढ्यात जिन्यात काहीतरी धाडकन पडलं आणि हाच रामदास माझ्या खुर्चीमागे! खाली दवाखान्यातलं स्टूल पडलं होतं, हे नंतर कळलं.

तासभर तर अडकलोच होतो. मी म्हटलं, नुसतं बसण्यापेक्षा एक उतारा सोडवा. काचेच्या कारखान्यांवरचा होता. घड्याळ लावायचं कुणाला सुचलं नाही. तिघंही वाचत होती आणि कान जिन्याकडे. कुणाचे ओठ हलत नव्हते, कुणी पेन खाली ठेवत नव्हतं.

वनविभागाची माणसं येऊन त्याला घेऊन गेली. तोवर मी पेपर तपासून ठेवले होते. तिघांचेही आजवरचे सगळ्यांत जास्त मार्क!

जाताना रामदास म्हणाला, "मॅडम, परीक्षेच्या दिवशी त्याला हॉलमध्ये सोडायला सांगा."

०००

एक माझा स्वतःचा.

शिल्पाचा दुसरा निकाल आला. बाकी सगळ्यात उत्तम, रीडिंगला पुन्हा कमी. क्लास सुटल्यावर ती बाकावर बसून राहिली. रडत नव्हती, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाली, "मी मठ्ठच आहे बहुतेक."

तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे मी घरातही सांगितलेलं नव्हतं. मी ही परीक्षा पहिल्यांदा दिली तेव्हा मधमाश्यांवरचा उतारा आला होता. त्यातली एक ओळ मी वाचत राहिले. वाचायची, काही कळायचं नाही, पुन्हा वाचायची. तळहात एवढे ओले झाले होते की माउस सरकत होता. शेवटचा उतारा तर मी उघडलाही नाही. नापासच म्हणायचं. तेव्हापासून मला स्वप्नात मधमाश्या दिसत नाहीत, ती ओळ दिसते.

एवढं मन मोकळं केल्यावर मला वाटलं, तिला धीर येईल. शिल्पा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं,

"मग आम्ही तुमच्याकडे का येतो?"

०००

शेवटचा किस्सा शिल्पाच्याच तिसऱ्या परीक्षेचा. मी तिथे नव्हते. तिने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितला, माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. त्या वेळीही रीडिंग राहिलं. चौथ्या वेळी झालं. आज ती आयर्लंडमध्ये एका रुग्णालयात आहे.

परीक्षेचा हॉल मुंबई नाक्याकडचा. तीसेक जण, प्रत्येकासमोर कॉम्प्युटर, पडद्यावर कोपऱ्यात उरलेली मिनिटं. शिल्पाच्या डाव्या हाताला एक विशीची बारीकशी मुलगी. सकाळी रांगेत दोघी पुढेमागे होत्या. मुलीने कालपासून काही खाल्लं नव्हतं, रात्रभर झोपली नव्हती. "पप्पांनी सांगितलंय, ही शेवटची वेळ," एवढंच ती बोलली होती.

शिल्पा तिसऱ्या उताऱ्यावर पोहोचली तेव्हा एकवीस मिनिटं शिल्लक होती. एवढी पुढे ती आजवर कधीच नव्हती. आणि शेजारची खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

मुलगी खाली. अंग ताठ, मग झटके. तीस माणसांनी एकदा वळून पाहिलं आणि तिसाच्या तीस पुन्हा आपापल्या पडद्याकडे वळली.

"मीसुद्धा, मॅडम," शिल्पा म्हणाली. "मी एक प्रश्न सोडवला. एक. मग उठले."

सुपरवायझर इंग्रजीत सांगत होता, कृपया जागेवर बसा, तुमचा वेळ चालू आहे. दारावरचा माणूस हातात चप्पल घेऊन धावत आला, हुंगवायला. शिल्पा त्याच्यावर ओरडली, "ती चप्पल बाजूला ठेवा! तोंडात काही घालू नका! खुर्च्या सरकवा!" हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणी मराठीत बोललं होतं. तिने मुलीला कुशीवर वळवलं, ओढणीची घडी डोक्याखाली सारली. फिट किती वेळ चालली हे डॉक्टरला सांगावं लागतं, म्हणून तिने वर आपल्याच पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं आणि मोजायला लागली. दोन मिनिटांच्या आत झटके थांबले. सुपरवायझर एव्हाना अॅम्ब्युलन्सला फोन लावत होता. "आता तुम्ही बसा," तो मराठीत म्हणाला. शिल्पा उठली नाही. मुलीच्या नाडीवर बोटं ठेवून फरशीवर बसून राहिली.

बऱ्याच वेळाने मुलीने डोळे उघडले. नजर कुठेच ठरत नव्हती. शिल्पाने विचारलं, "नाव काय बाळा तुझं?" पुन्हा विचारलं. मग मुलीचे ओठ हलले. शिल्पाने कान खाली नेला.

"ताई, टाइम किती राहिला?"

शिल्पाने वर पाहिलं. चार मिनिटं अकरा सेकंद.

"भरपूर आहे," ती म्हणाली. "पडून राहा."