सरकून घ्या

धाकट्या भावानं दोन दारांची, जमिनीला चिकटून धावणारी लाल स्पोर्ट्स गाडी घेतली. आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नव्या गाडीची पहिली फेरी घरच्या सगळ्यांनी मिळून गणपतीच्या देवळापर्यंत मारायची, हा आमच्याकडचा रिवाज. पण या गाडीत मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत रांगत शिरावं लागतं. आईनं एकदा त्या फटीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"तुम्ही दोघंच जाऊन या रे," ती म्हणाली.

भाऊ आणि भावजय गेले. गाडीच्या गुरगुराटात लिंबं चिरडल्याचा आवाजही आला नाही.

शेजारी बाबांची जुनी चार दारांची गाडी उभी होती. ती घरी आली त्या दिवशी आत्या, काका-काकू, आम्ही भावंडं, वर वाटेत भेटलेले शेजारीसुद्धा तिच्यात मावले होते. "सरकून घ्या," बाबा मागे न बघताच म्हणायचे, आणि खरंच जागा व्हायची. चढावर ती धापा टाकायची, पण तिनं कुणाला दारात उभं ठेवलं नाही. नवी गाडी देखणी आहे, मलाही तिची भुरळ पडते. तरी सरकायला जागाच नसलेली गाडी आपण इतक्या हौसेनं घेतो, याची हळहळ वाटते.

भाऊ-भावजय परत येईपर्यंत आई आरतीचं ताट घेऊन जुन्या गाडीत मागे जाऊन बसली. सबंध सीट रिकामी होती. ती मात्र सवयीनं खिडकीला खेटून बसली होती.