दोन शे की दोनशे

आमच्या घरात पैशाविषयी दोन विचारसरणी नांदतात. मी जळगावच्या एका शाळेत मराठी आणि गणित शिकवतो. माझ्या मते आपला पैसा तोच, जो आधी बाजूला ठेवला. पत्नी धुळ्याकडची, तिचे म्हणणे असे की बाजूला ठेवायला आधी हातात यावा लागतो. वीस वर्षे चाललेला हा वाद गेल्या उन्हाळ्यात एका लाल इलेक्ट्रिक स्कूटरपाशी येऊन ठेपला.

पत्नी ज्वारीच्या बिबड्या करून विकते. भिजवलेली ज्वारी भरडून शिजवायची, तीळ आणि लसूण घालून तो घाटा ओल्या कापडावर पापडासारखा थापायचा आणि गच्चीवर वाळवायचा. पाकिटे पोचवताना निम्मा नफा रिक्षात जाई, म्हणून तिला स्कूटर हवी होती. आम्ही करार केला: निम्मी किंमत माझ्या बचतीतून, निम्मी तिच्या कमाईतून, मुदत आखाजीपर्यंत. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. तोवर जमले नाही, तर स्कूटरचा विषय पुढच्या वर्षी.

दहा दिवस उरले. माझा वाटा तयार होता. तिचा बराच अपुरा. अशा वेळी तिचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात घाट्यात, म्हणून मी घेतला. धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या महिला बचत गटाच्या अक्का बोलत होत्या.

"मास्तर, बिबड्यासना पाकिटं दोनशे. आखाजीना आगोदर पायजेत."

मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिले: पाकिटे, दोन.

खुलासा आवश्यक आहे. खानदेशी बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. सासुरवाडीमुळे ही बोली आपल्याला चांगली अवगत आहे, असा माझा समज होता. त्यामुळे अक्कांचे 'दोनशे' माझ्या कानात शिरता शिरता तुटले आणि 'दोन शे' झाले. मी कर्तव्यदक्षतेने दोन पाकिटे कापडी पिशवीत घातली, चिठ्ठी लावली आणि पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली.

चार दिवसांनी अक्कांचा पुन्हा फोन आला. "मास्तर, बठ्ठा माल तयार व्हयना का? टेम्पो धाडस." सगळा माल तयार असेल तर त्या टेम्पो पाठवणार होत्या.

"अक्का, दोन पाकिटांना टेम्पो कशाला? बसने पाठवतो की!"

पलीकडे अक्का आपल्या घरातल्यांना विचारत असल्याचे स्पष्ट ऐकू आले, "हाऊ मास्तर शे का पहिलीना पोऱ्या?"

पत्नीने फोन हिसकावला. गावात आखाजीला येणाऱ्या प्रत्येक माहेरवाशिणीला गटातर्फे एक पाकीट द्यायचे होते. फोनवर हात ठेवून ती माझ्याकडे वळली. "अहो, दोनच असती तर अक्का 'शेतस' म्हणाल्या असत्या. अनेकवचन! तुम्हीच शिकवता ना?"

मी शिकवतो.

घरात साठ पाकिटे होती आणि हातात सहा दिवस. ज्वारीसाठी मी माझी ठेव मोडायला निघालो, तर तिने मला नजरेनेच बसवले आणि अक्कांना सरळ सांगितले, "अक्का, निम्मा पैसा आज धाडा." मला हे वाक्य उभ्या आयुष्यात उच्चारता आले नसते.

"धाडस," अक्का म्हणाल्या. "पन मास्तरले मोजाले लावू नको."

ज्वारी आली, भिजली, भरडली, शिजली. पण एवढी थापायची कशावर? तेव्हा मी पलंगाखालची ट्रंक ओढली. जुन्या चादरी, धोतरे, विरलेली लुगडी यांतले मी कधी काही टाकलेले नाही. ज्या ट्रंकेला ती 'भंगार' म्हणत आली, तिच्यातून अकरा चादरी निघाल्या. मी एकेक चादर झेंड्यासारखी फडकवत होतो आणि ती पोट धरून हसत होती. जळगावच्या उन्हाने सकाळचा घाटा संध्याकाळपर्यंत खुळखुळता केला. आम्ही दोघे पाठ मोडेपर्यंत थापत होतो आणि कारण नसताना हसत होतो. वीस वर्षे मी बेरीज आणि वजाबाकी वेगवेगळ्या तासांना शिकवली. त्या गच्चीवर दोन्ही एकाच चादरीवर वाळत होत्या.

टेम्पो दाराशी आला. अक्कांची सूचना डावलून मी पाकिटे मोजली. एकशे अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजली. एकशे अठ्ठ्याण्णव. ज्वारी संपलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पत्नीचा चेहरा उतरलेला. एवढ्यात तिने दार पुढे लोटले आणि त्यामागचा खिळा दिसला.

पिशवीवर माझी चिठ्ठी होती: पाकिटे, दोन.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची चूक वाया गेली नाही हो!" आणि दोन्ही पाकिटे टेम्पोत फेकून आम्ही पायरीवरच हसत बसलो.

अक्कांचे उरलेले पैसे आले, तिचा वाटा पुरा झाला आणि आखाजीच्या सकाळी लाल स्कूटर दारात होती. मी मागे बसलो, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. एरंडोलच्या रस्त्याला लागताच चेहऱ्यावर असा वारा आला की डोळे मिटले.

"अगं, वेग किती आहे?" मी ओरडलो.

"चाळीसशे!" तिने पुढूनच आरोळी दिली.

"तोडून बोल!" मी किंचाळलो. "तोडून!"