बाबांचा स्वेटर

मागच्या महिन्यात बाबा गेले... सापगावला, घरीच, सकाळचा चहा पिता पिता.

शेवटच्या आजारपणात ते शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होते. मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, त्यामुळे मोठ्या डॉक्टरांच्या मागे विद्यार्थ्यांचा घोळका, आणि जो तो बाबांचं पोट दाबून बघणार! माझं डोकं फिरायचं. बाबा मात्र म्हणायचे, "असू दे गो, शिकतील कशी नायतर?"

तिथेच त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला. आम्हाला घरी आल्यावर सांगितलं.

आता वेळ आली तेव्हा काका उखडले. "अख्खा गाव जमलाय, नि तू माझ्या भावाला फाडायला देतेस?" मीही गप्प बसणारी नाही, चांगलीच जुंपली आमची... पण आईची संमती नसेल तर काहीच होणार नव्हतं, आणि आई तर तोंडच उघडत नव्हती.

घरात बुद्धवंदना झाली. मग आई उठली, म्हणाली, "न्या. त्यांचा शब्द हाय." पेटीतून लोकरीचा स्वेटर काढून तिने बाबांना घातला. भर मे महिन्यात! मला वाटलं, बिचारीला काही सुचत नाहीये.

कॉलेजात शरीररचना विभागाच्या मॅडम भेटल्या. कपडे परत मिळतील, म्हणाल्या.

आई एकदम पुढे झाली. "स्वेटर तेवढा राहू द्या ना. तुमी थंड पेटीत ठेवणार ना त्यांना... त्यांना गारठा नाय सोसत."

काकांनी तोंड फिरवलं. मी, मूर्खासारखी, आईवरच खेकसले, "अगं काय बोलतेस!" मॅडमनी मला हाताने थांबवलं. "मावशी, नाही ठेवता येत हो," त्या म्हणाल्या, "पण तुम्हीच काढा, तुमच्या हाताने." आईने सावकाश एकेक बटण सोडलं. मला बघवत नव्हतं...

निघताना आई दारातून मागे वळली. "मॅडम, पोरांना सांगाल? डाव्या गुडघ्याला जरा जपून हात लावा म्हणावं. लय दुखतो त्यांचा."

मीच तोंडात पदर कोंबला.

मॅडम म्हणाल्या, "सांगते मावशी. पहिल्याच दिवशी सांगते."

तेव्हा कुठे आई रडली. सकाळपासून पहिल्यांदा. काकांनीच तिला धरून गाडीपर्यंत नेलं.

मॅडम, गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं. 'आता त्यांना दुखत नाही' असं तुम्ही म्हणाला असतात तरी ते खरंच होतं... पण तुम्ही ते म्हणाला नाहीत. तेवढ्यासाठी जन्मभर तुमची आभारी आहे.